माळ्यावर १४ व्हिडिओ कॅसेट सापडल्यात, डीव्हीडी करून घ्यावी का?

स्लो_लोकल
मंडळी, आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट एकदाचं नक्की झालं त्यामुळे गेले दोन रविवार माळा उपसतोय. पितळी भांडी, बाबांच्या एलआयसी पावत्यांची बंडलं, एक मोडका पाळणा आणि सगळ्यात मागे पत्र्याच्या ट्रंकेत १४ व्हिडिओ कॅसेट. बाबांच्या अक्षरात लेबलं आहेत, 'गणपती ८८', 'मुंज ९०', धाकट्या मावशीचं लग्न भाग १ आणि २, एकावर नुसतंच 'पुसू नये' आणि दोनांवर काहीच नाही. ८८ साली काका मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा खांद्यावर ठेवायचा नॅशनलचा कॅमेरा घेऊन आला होता, त्या गणपतीत घरातल्या प्रत्येकाने तो खांद्यावर घेऊन बघितला होता एवढं आठवतंय.

आई आता ७६ ची आहे, तिला तिच्या सासूला म्हणजे माझ्या आजीला एकदा बघायचंय. आजी १९९१ ला गेली, फोटो आहेत पण आवाज कुठेच नाही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला करून देतो, तीन तासांची कॅसेट एका डीव्हीडीवर बसवतो, मागे छान गाणी टाकतो आणि 'फालतू भाग' कापून टाकतो. एकंदर स्वस्त वाटलं. द्यावं का? कोणाचा अनुभव?

निवृत्त_बँकवाला
सरळ देऊन टाका. मी २००९ मध्ये पाच कॅसेटच्या पाच डीव्हीडी करून घेतल्या, कव्हरवर फोटो वगैरे लावून दिले होते. आता कपाटात व्यवस्थित आहेत. उगीच डोक्याला ताप कशाला.

मोरावळा
आधी कॅसेटवर खरंच तेच आहे का बघा. आमच्याकडे मामाच्या लग्नाच्या कॅसेटवर दुसऱ्या मामाने ९८ ची शारजाची मॅच रेकॉर्ड केली. मामी आजही सचिनचं नाव काढलं की उठून आत जाते.

खटपट्या
स्लो_लोकल, थांबा, देऊ नका अजून. जरा लांबण लावतो पण वाचा.

डिस्कचं गणित आधी. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तीन तास त्यात कोंबायचे तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आसपास वाट्याला येतात. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच मुंग्या असतात आणि एमपीईजी-२ ला (डीव्हीडीवर चित्र दाबून बसवायची पद्धत) मुंग्या दिसल्या की तो बिचारा गोंधळून सगळ्याचे चौकोन चौकोन करतो, म्हणजे आजीच्या चेहऱ्याचेपण. तासाला एक डिस्क ठेवलीत तर चित्र बरं येईल पण मग १४ कॅसेटच्या ४० डिस्का होतील, आणि नवीन लॅपटॉपला डिस्क घालायची फटच नसते. तेव्हा डिस्क नको, फाइल मागा. हार्ड डिस्क तुमची न्या आणि त्यात टाकून घ्या.

दुसरं, आणि माझ्या मते हेच महत्त्वाचं. गाणी नको आणि कापाकापी अजिबात नको असं कागदावर लिहून द्या. तुम्हाला आजीचा आवाज हवाय ना? तो आरतीच्या वेळी नाही सापडणार. तो सापडेल त्या 'फालतू' भागात, कोणीतरी कॅमेरा टेबलावर ठेवून चालू विसरलाय आणि मागे बायका बोलतायत तिथे. दुकानदाराला ते कळायचं काही कारणच नाही, त्याच्या दृष्टीने ती पाच मिनिटं भिंत आहे.

तिसरं, कॅसेट परत आल्यावर टाकून देऊ नका.

स्वतः करायची तयारी असेल तर विचारा, सांगतो. मी पुण्यात घरच्या आणि नातेवाइकांच्या मिळून साठएक कॅसेट केल्यात. अवघड नाहीये, वेळखाऊ आहे. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास, यात शॉर्टकट नाही.

स्लो_लोकल
खटपट्या, तुमचा तो भिंतीचा मुद्दा वाचून दुकानदाराला फोन करून 'नको' म्हणून सांगितलं. स्वतः करायचं झालं तर काय काय लागेल? सासऱ्यांकडे एक व्हीसीआर आहे, वीस वर्षं पलंगाखाली आहे.

पाटावरवंटा
व्हीसीआरच्या आधी कॅसेट उघडून बघा हो. बाजूचं बटण दाबलं की पुढचं झाकण वर होतं, आणि वरच्या काचेतून रिळं दिसतात. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी आहे, लावायची नाही. आम्ही रत्नागिरीला, इथे चार पावसाळ्यांत लोणच्याला येते तशी कॅसेटला येते. मला माहीत नव्हतं, मी लावली, एका कॅसेटची बुरशी हेडला लागली आणि पुढच्या तीन कॅसेटना वाटली गेली. नवरा म्हणाला तू तर साथच आणलीस.

नंतर एकाने शिकवलं. मास्क लावून गॅलरीत बसायचं (घरात नाही), आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं मऊ कापड, हाताने रीळ फिरवत हळूहळू पुसत जायचं, कापड दर थोड्या वेळाने बदलायचं. एका कॅसेटला दुपार गेली. पण बारशाचं शूटिंग आलं परत.

खटपट्या
पाटावरवंटा ताईंना +१००. आणि त्या पलंगाखालच्या व्हीसीआरवर 'पुसू नये' लावायचा मोह आवरा. वीस वर्षं पडून राहिलेल्या मशिनचे रबरी पट्टे लोंबतात, टेप ओढणारा पिंच रोलर कडक होऊन गुळगुळीत होतो, मग एकीकडून टेप सुटते आणि दुसरीकडे ओढली जात नाही, की मशिन टेप खातं. आधी एखादी पिक्चरची टाकाऊ कॅसेट घाला, प्ले, रिवाइंड, फॉरवर्ड सगळं दहा वेळा करा, बाहेर काढून टेपच्या कडा बघा. आवाजाचा ट्रॅक टेपच्या एका कडेने जातो आणि चित्र जाग्यावर ठेवणारा कंट्रोल ट्रॅक दुसऱ्या कडेने. कडेला नुसती एक चुणी पडली तरी यातलं काहीतरी जातं.

लागणाऱ्या गोष्टी: चालू व्हीसीआर, पिवळी-लाल-पांढरी पिन असलेली केबल, यूएसबीचा कॅप्चर डोंगल (व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारा) आणि लॅपटॉप. सॉफ्टवेअर ओबीएस, फुकट आहे. सेटिंग ७२० बाय ५७६, फ्रेम रेट ५०, आणि डीइंटरलेसमध्ये याडिफ २एक्स. ५० का? तर आपलं पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) सेकंदाला २५ फ्रेम दाखवतं पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एका वेळी एकाआड एक रेघा. ती दोन्ही वेगवेगळी ठेवलीत तर नाचणारी पोरं लोण्यासारखी नाचतात, एकत्र चिकटवलीत तर हात हलला की कंगवा दिसतो. हार्ड डिस्कवर जागा असेल तर फाइल मोठी ठेवा, सेकंदाला १०-१५ मेगाबिट, लहान नंतर कधीही करता येते.

बाजारात त्या छोट्या एव्ही टू एचडीएमआय डब्या मिळतात, 'व्हीएचएस फुल एचडी करा' म्हणून विकतात, त्या नका घेऊ. त्या चित्र नुसतं फुगवतात आणि ती अर्धी अर्धी चित्रं आपल्या मनाने चिकटवून टाकतात. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेघांचा, ते फुगवून काय मिळणार.

हो, आणि चित्र ४:३ च ठेवा. टीव्ही भरावा म्हणून ताणलंत की सगळे नातेवाईक जाडे.

मोरावळा
आमचे नातेवाईक ताणायची गरज नाही.

सान_होजे_कर
इकडच्या कॅसेट असतील तर वेगळी भानगड आहे हां. अमेरिकेत पालऐवजी एनटीएससी, ५२५ रेघा, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम. ९३ साली आम्ही मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची कॅसेट कौतुकाने पुण्याला पाठवली, आईबाबांनी शेजारच्यांना बोलावून लावली तर काळंपांढरं चित्र वरखाली पळतंय. बाबांनी पत्रात लिहिलं होतं की 'बाळ गोड आहे असे वाटते'. ती कॅसेट करायची तर मल्टिसिस्टिम, म्हणजे दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर लागेल, गल्फवरून आणलेली मशिनं बरेचदा तशी असायची. डोंगलचं सेटिंगपण बदलायचं, ७२० बाय ४८०.

खिचडी_कढी
माझ्याकडे अगदी छोट्या कॅसेट आहेत, काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या, सोनीचा हँडिकॅम होता २००२ चा. यालापण पिवळी वायर?

खटपट्या
नाही नाही नाही! त्यावर मिनी डीव्ही लिहिलं असेल तर ती मुळातच डिजिटल आहे. फायरवायरने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची डिजिटल केबल) कॅमेऱ्यातून थेट उतरवा, तासाला १३ जीबी, जसंच्या तसं येतं, काहीच हरवत नाही. पिवळ्या वायरीने घेणं म्हणजे दुधाचं दही करून पुन्हा दूध शोधणं. अडचण एवढीच की फायरवायरचं तोंड असलेला कॉम्प्युटर मिळवावा लागतो, जुना डेस्कटॉप असेल तर कार्ड बसतं. आणि कॅसेट जरा मोठी असून हाय-८ लिहिलं असेल तर ती अॅनालॉग, पण सोनीचे बरेचसे डिजिटल-८ कॅमेरे ती वाचून फायरवायरवर देतात. असा कॅमेरा कोणाकडे दिसला तर त्याच्याशी संबंध चांगले ठेवा.

हॅलोजन
धागा उशिरा बघितला. मी ८७ ते २००४ सांगली-मिरज भागात लग्नाची शूटिंग केली आहेत, तेव्हा थोडं या बाजूचं सांगतो.

तुमच्याकडे जी लग्नाची कॅसेट असते ती मूळ नसते. आम्ही शूट करायचो ती मास्टर, मग दोन व्हीसीआर आणि मिक्सर लावून त्यात नावं, बदाम, गुलाबाची फुलं, पिक्चरची गाणी टाकायची, आणि त्यावरून पार्टीला कॉपी. वधूपक्षाला एक वरपक्षाला एक. म्हणजे तुमच्या हातात आली ती दुसरी नाहीतर तिसरी पिढी, आणि दर कॉपीला रंग उडतो, कडा पसरतात. मास्टर आम्ही पुढच्या लग्नाला वापरायचो, कोरी कॅसेट महाग होती. तेव्हा कोणी विचारू नका 'मूळ आहे का'. नाही. पुसली. मीच पुसल्या शेकड्याने.

म्हणून स्लो_लोकल यांची काकांच्या कॅमेऱ्यातली गणपतीची कॅसेट लग्नाच्या कॅसेटपेक्षा कितीतरी चांगली निघेल, कारण ती थेट कॅमेऱ्यात भरलेली आहे. शूटिंगवाल्याने केलेलं असेल त्यापेक्षा काकाने हलत्या हाताने केलेलं सरस, चित्राच्या बाबतीत.

आणि मंगलाष्टकं ऐकायला मिळतील ही आशा सोडा, त्यावर गाणं घातलेलं असणार. त्या काळी तीच फॅशन होती, आम्ही घातलं नाही तर लोक पैसे कापायचे. खटपट्या म्हणतात ते 'गाणी नको' आज बरोबर आहे, तेव्हा असं म्हणणारं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नाही. नवरीच्या डोळ्यांतलं निम्मं पाणी आमच्या हजार वॉटच्या लाइटमुळे असायचं हेही सांगून टाकतो.

पाटावरवंटा
हॅलोजन दादा, तरीच माझ्या लग्नात सप्तपदीला काय ते पाश्चात्त्य सिंथेसायझर वाजतंय, तीस वर्षं कोडं होतं.

निवृत्त_बँकवाला
वरचं वाचून काल माझ्या पाच डीव्हीडी काढून बघितल्या. दोन चालल्या. एक मध्येच अडकते, एक प्लेअर ओळखतच नाही, आणि एकीचा वरचा चकचकीत थर कडेने सुटलाय. कॅसेट मी तेव्हा रद्दीवाल्याला दिल्या होत्या.
चाललेल्या दोनांचं आता काय करू?

खटपट्या
काका, चाललेल्या दोन आजच कॉपी करा. डिस्क उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसेल, ते अख्खं हार्ड डिस्कवर घ्या. मेकएमकेव्ही म्हणून सॉफ्टवेअर आहे त्याने पुन्हा न दाबता एक सलग फाइल होते. अडकणारी आहे ती दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, जुना डेस्कटॉप ड्राइव्ह कधीकधी वाचतो जे लॅपटॉपचा वाचत नाही. न ओळखणारीचं असंच. थर सुटलेलीची फार आशा धरू नका, डेटा त्याच थरात असतो. वाईट वाटलं.

बाकी लोकांसाठी: घरात व्हीसीडी असतील तर त्यापण काढा. ३५२ बाय २८८ चं चित्र, पण आहे ते आहे. त्यातली .डॅट फाइल कॉपी करून नाव .एमपीजी केलं की चालते.

चष्मा_शोधतोय
एवढी घाई आहे का पण? तीस वर्षं टिकल्यात ना, अजून पाच वर्षं टिकतील. मी रिटायर झाल्यावर करीन म्हणतो.

खटपट्या
टेप कदाचित टिकेल हो, मशिन टिकणार नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केलं. त्यानंतर जे आहे ते जुनंच फिरतंय. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हने तर २०१५ मध्येच सांगून टाकलं होतं की चुंबकीय टेपवरचं जे २०२५ पर्यंत उतरवलं नाही ते बहुतेक गेलंच समजा, आणि त्यांच्याकडे तर एसी गोदामं आणि पगारी माणसं. आपल्याकडे माळा.

माझा दुरुस्तीवाला बुधवार पेठेतला, तो सत्तरीचा आहे. त्याचा मुलगा मोबाइलचे स्क्रीन बदलतो.

स्लो_लोकल
अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

सासऱ्यांचा व्हीसीआर आणला, टाकाऊ कॅसेट घातली, त्याने दुसऱ्याच मिनिटाला खाल्ली. (खटपट्या, तुमच्या पाया पडतो.) कल्याणला एक जुने मेकॅनिक सापडले, त्यांनी पट्टे आणि पिंच रोलर बदलला, हेड साफ करून दिलं आणि माझ्यावर ओरडले की एसीच्या खोलीतून काढून लगेच दमट हवेत लावायचा नाही, आत दव धरतं आणि टेप ड्रमला चिकटते. पैसे फार घेतले नाहीत. बसून पहिली पाच मिनिटं स्वतःपण बघत होते.

बुरशी दोन कॅसेटना निघाली, त्या वेगळ्या काढल्यात. लावायच्या आधी सगळ्यांच्या पाठीमागचा रेकॉर्डिंगचा प्लॅस्टिक टॅब तोडला, हे इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तर आजी पण शारजाला जायची.

पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज जुळेनात. खटपट्यांना निरोप पाठवून विचारलं तर म्हणाले चित्र हललं की डोंगल फ्रेम गाळतो आणि आवाज पुढे निघून जातो, मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर लावा, व्हीसीआरची केबल त्यात आणि त्यातून डोंगलला, तो चित्र स्थिर करून पुढे देतो. भावाकडे पडलेला होता. जुळलं. चित्राच्या खाली एक फाटकी पट्टी नाचते ती सगळ्याच व्हीएचएसला असते म्हणे, जुन्या टीव्हीत कडेबाहेर जायची म्हणून कधी दिसली नाही.

आता 'गणपती ८८'. पहिली चाळीस मिनिटं मखर, समई, पुन्हा मखर, काका झूम आत, झूम बाहेर. आरतीत आजी आहे पण पाठमोरी, टाळ्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आई नुसती बघत बसली होती, मला वाटलं गेलं.

मग एक तास बारा मिनिटांवर कॅमेरा कुठेतरी फ्रिजवर ठेवलाय, समोर स्वयंपाकघराचा दरवाजा आणि अर्धा गॅस. कोणी चित्रात नाही. आणि आतून आजी, "अगं सारण कोरडं झालंय, त्यात दूध घाल चमचाभर. आणि त्या कॅमेऱ्याला म्हणावं नैवेद्य होईपर्यंत आत यायचं नाही." मग आई हसते. आई ३९ वर्षांची. मग पंधरा-सोळा मिनिटं भांड्यांचा आवाज, मोदक मोजतायत दोघी, आजी एकवीसला चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून.

आईने तीन वेळा लावायला लावलं. मग म्हणाली तेव्हा दूध नव्हतंच घरात, पाणी घातलं होतं मी, त्यांना कधी सांगितलं नाही.

पाटावरवंटा
डोळे पुसून लिहितेय. सारणात पाणी!

हॅलोजन
तो फ्रिजवरचा शॉट आमच्याकडे आला असता तर पहिला कापला असता. खोटं कशाला बोलू.

मोरावळा
तुमचं वाचून काल मामाकडे गेलो आणि ती मॅचची कॅसेट घेऊन आलो. मॅच कॅसेटपेक्षा आधी संपलीये!! बक्षीस समारंभ तुटतो, दोन सेकंद मुंग्या, आणि मग थेट पंगत. अकरा मिनिटं. मामी लहानशी दिसते, मामाला जिलेबी भरवतेय आणि तो कॅमेऱ्याकडे बघून लाजतोय. बाकीचं गेलं ते गेलंच, पण अकरा मिनिटं आहेत. मामीला अजून सांगितलं नाही, रविवारी सगळ्यांना बोलावलंय.

खटपट्या
मोरावळा, त्या अकरा मिनिटांची आधी कॉपी करा, मग बोलवा. दोन हार्ड डिस्कवर, आणि एक तिसरी दुसऱ्याच्या घरी.

स्लो_लोकल
माझ्या १२ झाल्या, बुरशीच्या दोन पावसाळा संपल्यावर गॅलरीत बसून करीन. व्हीसीआर आणि रेकॉर्डर तोपर्यंत रिकामे आहेत. आमच्या चाळीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी भाड्याने व्हीसीआर आणायचे तसं करू, वर्गणी नको, फक्त कॅसेट घालण्याआधी बुरशी बघायची आणि परत देताना हेड पुसायचं. डोंबिवलीतून येऊन न्या. कोणाला हवाय?

खिचडी_कढी
मला! मिनी डीव्ही सोडून चार मोठ्या पण निघाल्यात. ठाणे.

निवृत्त_बँकवाला
माझ्या मेव्हण्याकडे आमच्या लग्नाच्या कॅसेटची वरपक्षाची कॉपी आहे असं काल कळलं. माझा नंबर ठाण्यानंतर लावा. मुलुंड.

चष्मा_शोधतोय
मुलुंडनंतर मी. भांडुप. रिटायर व्हायला अवकाश आहे पण रजा शिल्लक आहे.

नवा_सभासद_७
नमस्कार, माझ्याकडे जुन्या व्हिडिओ कॅसेट आहेत, डीव्हीडी कुठे करून मिळेल? कृपया पत्ता द्या.

मोरावळा
भांडुपनंतर उभे राहा.